बांधावरची अक्काबाई

माणदेशाच्या माळावर उंबरखडी म्हणून धनगरांची एक वाडी होती. सुलाबाई तिथं नांदायला आली त्याच वर्षी मेंढरांत रोग शिरला आणि सासऱ्याचा निम्मा कळप माळावर आडवा झाला. त्या धसक्यानं सासरा गेला. मग वाडीच्या कडेनं वाहणारा ओढा आटायला लागला. भर उन्हाळ्यातही डबकी धरून राहणारा ओढा, तो दिवाळीलाच खडखडीत पडू लागला. विहिरीनं तळ दाखवला, ज्वारीची ताटं हातभर वाढून करपली. शेवटी तिचा नवरा अर्जुना पोटासाठी पलटणीत गेला आणि दूरच्या कुठल्याशा वाळवंटात मेला. प्रेतसुद्धा दिसलं नाही. नुसता सांगावा आला.

एवढं सगळं एका बाईच्या मागोमाग आलं म्हटल्यावर वाडीला बोट दाखवायला जागा मिळाली.

लक्ष्मीची थोरली बहीण ती अक्काबाई. धाकटी घर भरते, थोरली रितं करते. ही थोरली कधी कधी माणसाच्या अंगानं येते आणि चुलीपाशी बसते, असं जुनी माणसं सांगायची. आधी बाया पाणवठ्यावर कुजबुजल्या. मग सुलाबाई आली की धान्याची रास झाकायला लागल्या. एकदा तिनं शेजारणीचं दुधाचं भांडं उचलून दिलं, तर शेजारणीनं तिच्यादेखत ते दूध उकिरड्यावर ओतलं. त्या दिवसापासून सुलाबाई आपल्या हातांकडं बघायला लागली. ते हात तसेच होते, शेणानं भेगाळलेले. पण आपल्या हातांत काहीतरी असेल, असं तिलाही वाटू लागलं.

बेचाळीसच्या उन्हाळ्यात वाडीनं ठरवलं. सकाळची वेळ होती. चुलतसासरा हरिबा दारात आला. अर्जुनाला त्यानंच खांद्यावर खेळवलं होतं. त्यानं तिच्याकडं न बघता एक झिजलेली केरसुणी आणि फुटकं सूप पुढं केलं.

"सुले, हे घे आन चल."

"कुटं, मामा?"

"शिवंपातुर."

पुढं ढोल, मधे ती, मागं सारी वाडी. शिवेच्या दगडापाशी ढोल थांबला. कुणी तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. एका बाईनं तर तिच्या पदरात चार भाकरी बांधल्या. "मागं वळून बघू नगंस बाई, आमची लेकरं जगू दे," एवढंच ती म्हणाली. सुलाबाईनं वळून बघितलं नाही. आपल्यामुळं लेकरं मरत असतील तर आपण गेलेलं बरं, असं तिलाही त्या क्षणी खरंच वाटलं होतं.

चालत, मागत ती कोरेगावच्या बाजूला आली. तिथं नाथाजी नावाच्या बागायतदाराच्या मळ्यात तिला उसाच्या भांगलणीचं, तण खुरपायचं काम मिळालं. घरची कारभारीण राहीबाई मनानं मोकळी होती. सगळी गडीमाणसं तिला आक्का म्हणत. सुलाबाईच्या तोंडून तेवढा शब्द निघत नसे. ती वैनी म्हणायची. घरात बोलावलं तरी आत जायची नाही. ओसरीच्या खाली उभी राहायची, भरलेल्या कणगीकडं पाठ करून.

ती वाट बघत होती. आता ऊस वाळेल, आता गुऱ्हाळाला आग लागेल. पण ऊस दोन पुरुष उंच वाढला. गुऱ्हाळं रात्रंदिवस चालली, गुळाच्या ढेपा गाडीत मावेनात. लढाईचे दिवस, गुळाला मरणाचा भाव. आणि मळ्याच्या कडेला गड्यांच्या खोपटांत मात्र पोरं गुळाच्या काहिलीच्या कडेची मळी चाटत होती. अक्काबाई आली असेल तर ती वाड्यात का शिरत नाही? तिला खोपटंच का सापडतात? सुलाबाईच्या मनात हे आलं, पण तिनं ते तिथंच दाबलं. असला विचार म्हणजे आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारणं, असं तिला वाटलं.

मग एक दिवस नाथाजीचा बैल मोटेवर कोसळून मेला. सुलाबाई राहीबाईपुढं जाऊन उभी राहिली.

"वैनी, मी जाते. माज्यामुळं झालं."

राहीबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती हसली. "अगं, त्यो बैल म्हातारा व्हता. तुज्या लग्नाच्या आदीपास्नं मोट वढत व्हता. मरंल न्हाई तर काय करंल?"

पण सुलाबाई थांबली नाही. कोरेगावच्या ठेसनात ती आगगाडीत चढली आणि माधवनगरला उतरली. तिथं गिरण्या होत्या, आणि कुणालाच कुणाचं गाव, कुणाची अवदसा ठाऊक नव्हती.

एका गिरणीत तिला सुताची रिळं भरायचं काम लागलं. कापसाची धूळ नाकातोंडात बसायची, कानात यंत्रांचा धडधडाट घरी आल्यावरही चालूच राहायचा. चाळीत ती बनुबाईच्या खोलीत भाड्यानं राहिली. बनुबाई तिच्याच खात्यात होती. त्या खोलीत पाऊल टाकलं त्या दिवशी कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी हललं, आणि सुलाबाईच्या तोंडून किंकाळी निघाली. ती बनुबाईची सासू होती. दोघींत धड असं एकच लुगडं होतं. बनुबाई ते नेसून गिरणीत गेली की सासू पोतं पांघरून भिंतीकडं तोंड करून बसायची. बनुबाई परत आली की म्हातारी ते नेसून नळावर जायची. कापड कंट्रोलचं झालं होतं. दुकानापुढच्या रांगेत उभं राहून रिकाम्या हातानं यायचं. आणि गिरणीच्या गोदामात तर ताग्यांवर तागे, छपरापर्यंत.

"आपुनच काढतुया न्हवं हे सूत?" सुलाबाईनं एकदा विचारलं.

"आपुनच. मग?" बनुबाई म्हणाली.



एका दुपारी, सुट्टीच्या दिवशी, सुलाबाईनं बनुबाईला सगळं सांगितलं. ढोल, केरसुणी, शिव. खोलीतून घालवतील म्हणून तिनं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. बनुबाईनं ऐकून घेतलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आन तू गेल्यावर तुज्या वाडीचं भलं झालं का गं?"

चार वर्षांत हा प्रश्न सुलाबाईला एकदाही सुचला नव्हता. वाडी हिरवीगार झाली असेल तर आपण अक्काबाईच. आणि झाली नसेल तर? दुसरं उत्तर तिला पहिल्यापेक्षा जास्त भेववायला लागलं. तिची झोप गेली. महिनाभरात तिनं गिरणी सोडली आणि वाडीची वाट धरली.

लढाई संपून वर्ष झालं होतं. सुलाबाई विट्याच्या अंगानं चालत आली, म्हणून तिची वाट वरगावावरून गेली. एरवी उंबरखडीची माणसं त्या बाजूला फारशी जात नसत. वरगाव म्हणजे लालासाहेबांचं गाव. लढाईत सरकारला पलटणीसाठी माणसं भरून देणारी बडी असामी. टेकाड ओलांडलं आणि तिचे पाय थांबले. समोर पाणी होतं. दगडी बांधामागं तुंबलेलं, निळंकाळं, दूरवर पसरलेलं. बांधाला एक मोरी, मोरीला जाडजूड सागवानी फळी. फळी खाली पडलेली, आणि सगळं पाणी पाटानं लालासाहेबांच्या उसाकडं चाललेलं. मोरीच्या खाली ओढ्याचं कोरडं पात्र होतं. त्या पात्रातून ती चालत निघाली. एका वळणावर तिला ओळखीचा खडक दिसला. त्याच खडकावर ती नवी नवरी असताना धुणं धुवायची. हा तिचाच ओढा होता.

वाडीत निम्मी घरं बंद होती. उरलेल्यांची दारं तिला बघून लागली. हरिबा मात्र ओसरीवर बसला होता. उठून जायचं बळ त्याच्यात नव्हतं.

"मामा, मी गेल्यावर वाडीचं बरं झालं?"

"दिसतंया न्हवं तुला."

"वरगावला पानी आडवलंय. मी बघून आले. कवा बांधला त्यो बांध?"

"तू आलीस त्याच्या म्होरल्या साली."

"तुमास्नी ठावं व्हतं?"

"व्हय."

"समद्यास्नी?"

हरिबानं मान हलवली. "आमी गेलो व्हतो एकदा वर. लालासाब म्हनला, पानी न्हाई तर पोरं पलटनीत घाला, पगार मिळतुया. पोरं घातली. जितकी पोरं जास्त, तितकं सरकारात त्येचं वजन जास्त. त्या वजनावर बांध पक्का झाला. आपला अर्जुना त्यातच गेला."

"मग मला का घालवलं, मामा?"

"तू गेलीस म्हून," तो म्हणाला. "लालासाब गेला नसता."

तिला वाटलं होतं, खरं कळलं की अंगावरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. अज्ञानानं घालवलेल्या माणसाला निदान घालवणाऱ्यांची कीव करता येते. इथं तर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मेंढरांचा रोग, सासऱ्याचं मरण, यांचा बांधाशी काहीच संबंध नव्हता. तेवढं अजून तिच्या नावावर उरलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं केस मोकळे सोडले, एक जुनी केरसुणी खांद्यावर टाकली आणि भर बाजाराच्या वेळी ती वरगावात शिरली.

"मी उंबरखडीची अक्काबाई," ती मोठ्यानं म्हणाली. "तितलं समदं खाऊन झालं. आता तुमच्यात ऱ्हायाला आले."

माणसं बाजूला सरली. ती सरळ बांधावर गेली आणि मोरीवर बसली.

लालासाहेब घोड्यावरून आले. बघून हसले. "तात्याबा, उचल हिला."

तात्याबा म्हणजे त्यांचा मुकादम, आडदांड गडी. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "धनी, गोळी घाला. पर तिला हात लावाय सांगू नगासा."

दुसऱ्या गड्याला सांगितलं, तो मागं सरला. कुणी तिला शिवेना. मजूर बांधाखालून जाईनात, उसाला पाणी पाजायला कुणी येईना. लालासाहेबांना राग आला, पण ते स्वतःही घोड्यावरून उतरले नाहीत. हे सुलाबाईनं बघितलं.

थोड्या दिवसांनी त्यांची बायको अंबूबाई आली. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते. एवढ्या घरची बाई, पण अनवाणी आली. हातात हिरवं लुगडं, खण, नारळ. लांबूनच वाकून तिनं ते दगडावर ठेवलं.

"आई, आमच्या घरावरनं नजर काढ. काय पायजे ते माग."

"फळी उचला," सुलाबाई म्हणाली.

त्याच दुपारी फळी उचलली गेली. पाणी मोरीतून उसळलं आणि कोरड्या पात्रातून फुफाटा पुढं ढकलत खाली धावलं. उंबरखडीत लोक ओढ्याच्या काठावर येऊन उभे राहिले. पाणी पायाला लागलं तेव्हा काही बाया नुसत्याच रडल्या.

सुलाबाई उठू शकली नाही. ती उठली की फळी पडणार हे उघड होतं. मग तिनं बांधावरच खोप घातली. पावसाळा गेला, हिवाळा गेला. उंबरखडीची माणसं दुरून भाकरी ठेवून जात. जाताना पाया पडत, पण जवळ येत नसत. आधी घालवलं तेव्हा तिचं माणूसपण गेलं होतं. आता ते पुन्हा गेलं, फक्त या खेपेला तिनं स्वतः दिलं होतं. पाण्यात तोंड बघितलं की मोकळ्या केसांतून कुणी दुसरीच बघायची. कधी कधी एखादा माणूस रस्त्यावर दचकला की सुलाबाईला बरं वाटायचं. आणि बरं वाटलं म्हणून तिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

एके सकाळी वरगावची एक मजूरबाई बांधाखाली येऊन उभी राहिली. अंगावर चिंध्या, कडेवर तापानं फणफणलेलं मूल.

"माजं काय चुकलं गं माय?" ती आक्रोशत म्हणाली. "लालासाबाचा ऊस वाळला, रोजगार बंद झाला. त्यांच्या कणग्या भरल्यात, त्येंचं काय जातंय? माज्या घराकडं बघू नगंस!"

सुलाबाई खाली उतरून तिच्याकडं जायला निघाली. ती बाई किंचाळली, मुलाला छातीशी घट्ट धरून पळत सुटली, दगडांवर ठेचकाळत. सुलाबाई ओढ्यात उभीच राहिली. जिला भ्यायचं काहीच कारण नव्हतं तीच सगळ्यात जास्त भ्याली होती. मोठ्या घरानं तर नुसती एक फळी उचलली होती.

तिनं केस बांधले आणि उंबरखडी गाठली. चावडीपुढं माणसं जमली.

"मी उद्या बांधावरनं उठनार," ती म्हणाली. "फळी पडंल. पानी पायजे त्येनं येऊन बसावं. माणूस म्हून बसावं, हक्कानं. अर्धं वरगावच्या पिकाला जाऊ द्या, तितं बी गरिबाच्या चुली हायत. पर अर्धं आपलं."

"आमास्नी ते मारत्याल," कुणीतरी म्हणालं. "तुला भेत्यात, आमाला कोन भेतंय?"

"व्हय. मारत्याल."

दुसऱ्या दिवशी ती केस बांधूनच मोरीवर बसली होती, तेव्हा हरिबा काठी टेकत बांधावर आला. त्याच्यामागं केरबा नावाचा एक तरणा गडी, पलटणीतून सुटून आलेला. बस्स, एवढेच. हरिबा तिच्याशेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल असा बसला. ढोल वाजला त्या दिवसानंतर तिच्याजवळ कुणी माणूस बसायची ती पहिलीच वेळ.

दुपारी लालासाहेबांचे गडी लाठ्या घेऊन आले. अक्काबाईला न शिवणारे हात हरिबावर बिनधास्त चालले. म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. केरबा त्याच्यावर आडवा पडला. सुलाबाई मधे घुसली तेव्हा तिच्यावरही काठी बसली, आणि त्या क्षणी बांधावरच्या सगळ्यांना कळलं की तिच्या अंगातूनही रक्तच येतं. तिचा हात कायमचा वाकडा झाला.

पण दुसऱ्या दिवशी वाडी आली. सगळी नाही, पण बरीच. बाया आल्या, म्हातारे आले. मग वरगावचे काही मजूरही येऊन लांब बसले. आठवडाभरानं मामलेदार आला. देशात सरकार बदलायची हवा होती, लालासाहेबांनाही वारं कळत होतं. पाळी ठरली. काही दिवस पाणी पाटाला, काही दिवस ओढ्याला.

त्यानं गरिबी संपली का? ज्वारी झाली, विहिरीला पाणी आलं, दोन-चार बंद घरं पुन्हा उघडली. लालासाहेब लालासाहेबच राहिले आणि मजूरबाईच्या अंगावर चिंध्याच राहिल्या. हरिबाला ती जखम बाधली. पहिली सुगी घरी येण्याआधीच तो गेला. मरताना त्यानं सुलाबाईला जवळ बोलावलं. माफी वगैरे मागितली नाही. "अर्जुनाच्या घराचं छप्पर शाकारून घे," एवढंच म्हणाला. तिनं ते शाकारलं आणि ती वाडीत राहू लागली. बाया तिच्याशी बोलायच्या, विस्तव न्यायला यायच्या.

मग एका साली पाऊस साफ गेला. बांधच कोरडा पडला. तळाची माती भेगाळली, तिथं ना पाट उरला ना पाळी. भांडायला कुणीच उरलं नाही. एका संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढं माणसं बोलत बसली होती. सुलाबाई घागर घेऊन तिथून चालली होती. ती जवळ आली आणि बोलणं थांबलं. एका बाईनं आपलं मूल हळूच पदराआड घेतलं.

सुलाबाईनं घागर खाली ठेवली.

"बोला की," ती म्हणाली. "पाऊस न्हाई त्यो माज्यामुळं का?"

कुणी वर बघेना. देवळाचा कळस बघत, पायाची नखं बघत सगळे बसून राहिले. ती उभीच राहिली. बऱ्याच वेळानं केरबा उठला.

"न्हाई, वैनी," तो म्हणाला. "तुमी घरला जावा. कोन काय बोलत न्हाई."

बाकी कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. सुलाबाईनं घागर उचलली. एक जण बोलला होता. त्या पहिल्या खेपेला एकही बोलला नव्हता. हा फरक थोडा की फार, हे तिला वाटभर ठरवता आलं नाही.

त्या वर्षी तिला कुणी घालवलं नाही. पण भाकरी थापताना बाहेर माणसांचा आवाज वाढला की तिचा हात जागच्या जागी थांबायचा, आणि माणसं पांगेपर्यंत तव्यावरची भाकरी करपत राहायची.